पंधरा-सहाचा पत्ता

“ओढणी घट्ट बांध वं दीप्ती, मागच्या डावात ही खालून पाहत होती!” साहिल जाजमाच्या कडेवरून ओरडला.

“मी? खालून?” डोळे बांधलेली हर्षा आवाजाच्या दिशेने वळली. “मले पाहायची गरजच नाही. तू फक्त आकडे सांग.”

खेळाचं नाव होतं आंधळी उडी. शून्याच्या रेघेवर उभं राहायचं. साहिल म्हणाला ‘धन’ की पुढे उड्या, ‘ऋण’ की मागे. एक उडी म्हणजे एक घर. शेवटी डोळ्यांवरची पट्टी काढायच्या आधी आपण कितीच्या रेघेवर उभे आहोत ते सांगायचं, आणि पायसुद्धा तिथेच असायला हवेत. गेल्या वर्षीपर्यंत ऋण संख्या दिसल्या की हर्षा वही मिटून टाकायची. यंदा ती या खेळाची राणी होती. घर किती लांब आहे ते डोक्याच्या आधी तिच्या पायांना कळायचं.

“धन बारा! ऋण पाच! धन तीन!”

हर्षाने धपाधप उड्या मारल्या आणि छाती काढून म्हणाली, “दहा!”

कोणी टाळी वाजवली नाही. तिने ओढणी ओढून काढली. पाय दहाच्या रेघेवर असायला हवे होते, ते अकराच्या पुढे बोटभर होते.

“राणीचं राज्य वाढलं बे,” साहिल खिदळला. दीप्तीने मात्र हर्षाकडे जरा चमकून पाहिलं. दीप्ती चुका लक्षात ठेवणारी मुलगी होती, स्वतःच्याही आणि दुसऱ्यांच्याही. हर्षा अशी कधी चुकत नाही हे तिला पक्कं ठाऊक होतं. पण तेवढ्यात भावनाताईने शिट्टी वाजवली आणि उडीचा विषय तिथेच राहिला.

कामठी रोडजवळच्या त्या वस्तीत लोकांनी मिळून एक वाचनालय बांधलं होतं. पुढे भिंतीने वेढलेलं अंगण, कोपऱ्यात झेंड्याचा खांब. मे महिन्याच्या सुट्टीत रोज सकाळी, ऊन डोक्यावर यायच्या आत, तिथे गणिताचे खेळ चालायचे. इंजिनियरिंग शिकणारी भावनाताई ते घ्यायची. पाटी नाही, पाढे नाहीत, कान धरणं तर नाहीच. मूळ संख्यांवरच पाय टेकवायची लंगडी, कोन मोजून चेंडू मारायची लगोरी, अपूर्णांकांचे पत्ते. पोरं घामाघूम होऊन घरी जायची आणि जेवताना भाकरीचे सोळांश भाग करत बसायची. कित्येक आया म्हणायच्या, या पोरीच्या हातात जादू आहे. हर्षाचंही तेच मत होतं, फक्त ती ते तोंडावर सांगत नसे.

सगळ्या खेळांचा राजा म्हणजे ते जाजम. अंगणभर पसरेल एवढं, वर निळ्या पक्क्या रंगाच्या उभ्या-आडव्या रेघा, प्रत्येक रेघेला आकडा. लांबीला वीस घरं, रुंदीला दहा. त्याचं कोरं कापड प्रीतमच्या बाबांनी कामठीहून, ते काम करत त्या पॉवरलूमवरून आणलं होतं. प्लायवूडचा एक चौकोनी साचा करून पोरांनीच एकेक घर आखलं होतं. जाजमाचा शून्याचा कोपरा झेंड्याच्या खांबाला लावायचा आणि लांब बाजू भिंतीला. मग अंगणातल्या कुठल्याही जागेला पत्ता मिळायचा.

आज त्या पत्त्यांचाच शेवटचा, सर्वांत मोठा खेळ होता, गुप्तधन.

गुप्तधन म्हणजे मनोहरराव सरांची पितळी कंपासपेटी. वस्तीतले निम्मे लोक ज्यांच्या हाताखाली गणित शिकले ते हे सर. सावनेरजवळच्या खेड्यातून ते पहिल्यांदा मोठ्या शाळेत निघाले तेव्हा त्यांच्या गुरुजींनी ती त्यांना दिली होती. दर वर्षी ती अंगणात पुरली जायची. शोधणाऱ्या टोळीला वर्षभर सांभाळायला मिळायची, आणि झाकणाच्या आत कर्कटकाच्या टोकाने एक छोटं वर्तुळ कोरायचा मानही. झाकणात आता वर्तुळांची दाटी झाली होती. त्यात आपल्या, म्हणजे दीप्ती, साहिल आणि तिच्या टोळीचंही एक असावं, एवढंच हर्षाचं या सुट्टीतलं स्वप्न होतं.

पेटी लपवायचं काम यंदा प्रीतमकडे होतं. तो कामठीहून शेअर ऑटोने यायचा, यंदाच आला होता, कुठल्याच टोळीत नव्हता. बोलायचा कमी, पण कोडी अशी घालायचा की दीप्तीसुद्धा डोकं खाजवत बसायची. गुरुवारी संध्याकाळी त्याने जाजम अंथरलं, ठरवलेल्या जागी काडी रोवली, जाजम गुंडाळलं आणि एकट्याने पेटी पुरली. जागा कोणाला सांगायची नाही, भावनाताईलासुद्धा नाही, असा नियमच होता. शनिवारी, रविवारच्या समारोपाच्या मांडवासाठी, अंगणावर पाणी मारून रोलर फिरवला गेला आणि सगळी जमीन एकसारखी झाली.

“आडवा पत्ता,” प्रीतमने हळू आवाजात कोडं वाचलं, “एक संख्या. तिची तिप्पट केली, पाच काढून टाकले, उरले चाळीस. उभा पत्ता, ऋण दोनमध्ये आठ मिळवा.”

“पंधरा आणि सहा!” हर्षा आणि दीप्ती एकदमच किंचाळल्या. दुसरी टोळी अजून बोटं मोडत होती. पंधरा आणि सहाच्या रेघा जिथे एकमेकींना कापत होत्या तिथे जाजमाखाली काडी रोवून साहिलने जाजम बाजूला केलं आणि कुदळ घातली.

माती निघाली. आणखी माती निघाली. मग मुरूम लागला.

साहिलने खड्डा वीतभर रुंद केला, मग आणखी वीतभर. पेटी नव्हती. सगळ्यांच्या माना प्रीतमकडे वळल्या. त्याच्या चेहऱ्याचा रंग उडाला होता. “इथंच ठेवली होती,” तो पुटपुटला. “पंधरा, सहा. इथंच.”

भैयाजी मांडवात खुर्ची टाकून बसले होते. ते वाचनालयाच्या समितीचे अध्यक्ष, मनाने मोठे आणि आवाजाने त्याहून मोठे. ते उठून आले, खड्ड्यात डोकावले आणि विचार न करता बोलून गेले, “जागा याले एकट्याले माहीत. आता काय राह्यली असन इथं? पोहोचली कामठीले. बस करा खोदणं, अंगणाची चाळण होऊन राहिली.”

भावनाताई ताडकन म्हणाली की काका, पुराव्याशिवाय असं बोलायचं नाही. पण बाण सुटला तो सुटला. कोणी खाली पाहिलं, कोणी एकमेकांकडे. दुसऱ्या टोळीतला एक जण दुसऱ्याच्या कानात काहीतरी कुजबुजला. प्रीतमने ते सगळं पाहिलं. पिशवी उचलली आणि फाटकातून बाहेर पडला.

हर्षा त्याच्यामागे धावली. रस्त्याच्या कडेला कामठीचा शेअर ऑटो उभा होता. प्रीतम मागच्या सीटवर जाऊन बसला होता, एकटाच.

“मी नाही घेतली, हर्षा.”

“मले माहीत आहे.”

“तुले माहीत असून काय होते? सरांची पेटी आहे ती. बाबा म्हणतीन, कापड दिलं आणि चोर म्हणवून घेतलं. मी आता येत नाही. कधीच नाही.” त्याने तोंड फिरवलं. तो रडत होता आणि ते तिला दिसू नये अशी त्याची इच्छा होती. भैयाजींचा हर्षाला असा राग आला की विचारता सोय नाही.

पण रागाने पेटी सापडत नसते. आणि एक गोष्ट बरी होती. भरल्याशिवाय शेअर ऑटो जागचा हलत नाही, आणि रविवारच्या त्या उन्हात कामठीला जायला माणूस कुठून यायचा! हर्षाने साहिलला हाक मारून ऑटोपाशी उभं केलं आणि प्रीतमला बोलण्यात गुंतवून ठेव म्हणून बजावलं. साहिलला बोलण्यात गुंतवायला सांगणं म्हणजे माशाला पोहायला सांगणं.

ती अंगणात परतली आणि जाजमाच्या कडेवर बसून विचार करू लागली. प्रीतम खोटं बोलत नाही हे एक. पत्ता चुकत नाही हे दोन. मग चुकलं काय? तिची नजर दहाच्या रेघेवर गेली आणि तिला सकाळची उडी आठवली. माझे पाय चुकले की... ती उठून उभी राहिली.

“दीप्ती, साचा कुठी आहे वं? आपण घरं आखली तो?”

साचा कपाटामागे धूळ खात पडला होता. दोघींनी तो जाजमाच्या एका घरावर ठेवला. रुंदीत बरोब्बर बसला. लांबीत मात्र रेघेच्या पलीकडे चार बोटं बाहेर आला. दुसऱ्या घरावर ठेवला, तेच. तिसऱ्यावर, तेच. वीसच्या वीस घरं लांबीत तोकडी झाली होती.

“जाजम आटलं,” दीप्ती म्हणाली. “पण आटेल कसं? आपण तर ते कधी धुतलंच नाही.”

“आपण नाही धुतलं.” हर्षा गुडघ्यांवर बसून कडेची शिवण चाचपू लागली. एका कोपऱ्यात, दुमडलेल्या भागात, फिकट लालसर डाग होता. त्याच्याच शेजारी शिवणीत काहीतरी टणक लागलं. तिने नखाने उकरलं. हातात आला एक हरभरा, शिजून पुन्हा वाळलेला.

नागपूरच्या पोराला हरभरा आणि लाल डाग एकत्र दाखवले की तो पुराणातली कथा सांगावी तसा सगळं सांगेल. पोहे, वर लाल तिखट रस्सा, म्हणजे तर्री, आणि तर्रीत हरभरे! आणि शुक्रवारी सकाळी समितीची बैठक वाचनालयात झाली होती. बैठकीला नेहमी काय मागवतात हे वस्तीतलं शेंबडं पोरही जाणून होतं.

“पण धुतल्यानं इतकं?” दीप्तीला पटेना.

“दुपारी आपल्या नळाले हात लावून पाह्यला कधी? मे महिन्यात गच्चीवरच्या टाकीतलं पाणी म्हणजे चहाचं आधण. आणि कापड कोरं, पह्यल्या धुण्यात लांबीले आटतेच.”

दीप्तीने डोळे मिटले. तिची गणितं तशीच चालायची. जुनं घर साठ सेंटिमीटरचं, नवं चोपन्नचं. म्हणजे दर घराला सहा गेले, पंधरा घरांना नव्वद. “आपण जवळजवळ एक मीटर आधीच खोदलं, हर्षा! पेटी भिंतीच्या कडेकडेनं आणखी पुढं आहे. चल, कुदळ आण.”

हर्षाने कुदळीवर हात ठेवला, आणि थांबली. समजा दोघींनी आत्ता पेटी काढली. लोक काय म्हणतील? प्रीतमने हळूच जागा सांगितली, घाबरून परत केली. पेटी सापडेल, पण त्याच्या नावावरचा डाग तर्रीच्या डागासारखाच राहील. नाही. पेटी सगळ्यांसमोर निघायला हवी, आणि जाजम कोणी धुतलं तेही सगळ्यांसमोरच कळायला हवं. तिने दीप्तीच्या कानात बेत सांगितला. दीप्ती आधी नाही म्हणाली, मग हसली.

तेवढ्यात मनोहरराव सर आले. पांढरा शर्ट, हातात छत्री, चाल सावकाश. जय भीम, जय भीम झालं. भावनाताईने मान खाली घालून घडलेलं सांगितलं. सर खड्ड्यापाशी जाऊन उभे राहिले. हर्षाला त्यांच्याकडे पाहवेना, पण बेत ठरला होता.

“सर,” ती मोठ्याने म्हणाली, मांडवाला ऐकू जाईल अशी, “पेटीचं पाहू. पण जाजमाच्या कोपऱ्याले डाग पडून आहे. तुमच्यासमोर असं घाण जाजम बरं नाही दिसत. आम्ही दोघी आताच सोडा टाकून घासून काढतो.”

खुर्चीतून भैयाजींचा आवाज आला, मायेने भरलेला. “राहू दे वं पोरी, कायले हात दुखवतं? सोड्यानं बी नाही गेला तो.”

सगळ्या माना भैयाजींकडे वळल्या. भैयाजींच्याही लक्षात आलं आणि त्यांचा हात मिशीवरच राहिला.

“कधी घासला होता, काका?” दीप्तीने इतक्या गोडपणे विचारलं की साखर लाजावी.

मग हळूहळू सगळं बाहेर आलं. शुक्रवारी बैठकीला सतरंजी सापडली नाही, म्हणून हेच जाजम अंथरलं. तर्रीची पिशवी फुटली. पोरं ओरडतील म्हणून भैयाजींनी दुपारी स्वतः नळाखाली ते धुतलं, सोडा घालून चोळलं, गच्चीवर घातलं. घटकाभरात वाळून कडक झालं. घडी घालून जागच्या जागी ठेवलं, डागाचा कोपरा आत दुमडून. “पण त्याचा पेटीशी काय संबंध?” त्यांनी विचारलं, आणि ते खरंच कळत नसल्यासारखं विचारलं.

हर्षाने साचा उचलून घरावर ठेवला. चार बोटं बाहेर. एवढंच तिने दाखवलं. सर खाली वाकले, साच्याच्या कडेवरून बोट फिरवलं, आणि त्यांचे डोळे चमकले.

“खणू नका,” ते म्हणाले. “आधी जागा सांगा, मग खणा. आणि जागा ज्याची आहे त्याला बोलवा.”

हर्षा फाटकाकडे पळाली. ऑटोत आता माणसं भरली होती, एकच जागा उरली होती, आणि त्या जागेवर साहिल हातपाय पसरून बसला होता. ऑटोवाला त्याला उतर म्हणत होता आणि साहिल त्याला पूर्णांकांची बेरीज समजावत होता. प्रीतमचा हात धरून हर्षाने त्याला खाली ओढलं. वाटेत तिने त्याला सगळं सांगितलं. त्याचा विश्वास बसेना.

जाजम गुंडाळून बाजूला ठेवलं होतं. प्रीतमने साचा घेतला आणि तो खांबापासून भिंतीच्या कडेने एकापुढे एक ठेवत निघाला. सगळं अंगण त्याच्यासोबत मोजत होतं. पंधरा झाले. मग आत वळून सहा. तिथे त्याने कडुलिंबाची काडी रोवली. सकाळचा खड्डा चांगला दोन हात मागे राहिला होता.

“खोदा,” सर म्हणाले.

प्रीतमने कुदळ भैयाजींच्या हातात दिली. का दिली ते त्यालाही सांगता आलं नसतं. भैयाजींनी बाह्या सरसावल्या, निमूटपणे. दोन घाव झाले, तीन झाले, आणि मग ‘टण्’ असा आवाज आला.

काय ओरडली ती पोरं! साहिल तर उलट्या उड्या मारत ऋण दिशेला निघून गेला. पेटी मातीने माखली होती, पण झाकण उघडताच आतलं पितळ लख्ख दिसलं. भैयाजी कपाळाचा घाम न पुसताच प्रीतमसमोर उभे राहिले. सगळ्या वस्तीला ऐकू येणारा तो आवाज आता कसाबसा निघत होता.

“चुकलो गा बेटा. डाग मी पाडला, लपवला मी, आणि नाव तुझं खराब केलं. तुझ्या बाबाले मी स्वतः येऊन सांगतो.”

प्रीतमने मान हलवली. मग हळूच म्हणाला, “काका, पुढच्या वेळी थंड पाण्यात भिजवा.” मांडवात हशा पिकला आणि भैयाजीही त्यात सामील झाले.

सरांनी हर्षाला जवळ बोलावलं. जाजम आटल्याचं तुला कशावरून सुचलं, असं विचारलं. तिने आंधळ्या उडीचं सांगितलं. सर भावनाताईकडे वळून म्हणाले, “मी आयुष्यभर पोरांच्या डोक्यात गणित घालत राहिलो. तू ते त्यांच्या पायात घातलंस. माझ्यापेक्षा तू मोठी मास्तरीण.” भावनाताईने ओढणीने डोळे पुसले. आपली ताई अशी सगळ्यांसमोर मोठी झालेली पाहून हर्षाला, स्वतःचं कौतुक झालं असतं त्याहून जास्त आनंद झाला.

“दीप्ती, साहिल, हर्षा, तुमची टोळी जिंकली,” सर म्हणाले. “कोरा वर्तुळ.”

हर्षाने कर्कटक हातात घेतलं. सुट्टीभर पाहिलेलं स्वप्न हाताशी होतं. तिने दीप्तीकडे पाहिलं, दीप्तीने मान डोलावली. साहिल म्हणाला, “दे ना बे लवकर,” आणि तिला कळलं की त्याच्याही मनात तेच आहे. तिने कर्कटक प्रीतमच्या हातात दिलं.

“मी टोळीत नाही,” तो म्हणाला.

“आता आहेस.”

त्याने झाकणातली एक मोकळी जागा शोधून टोक रोवलं. सरांनी पेटी धरली, हर्षाने झाकण. कर्कटक हळूहळू फिरलं आणि जिथून निघालं होतं तिथेच अचूक येऊन मिळालं. बाहेर ऑटोवाला कामठी, कामठी ओरडत होता. प्रीतमने त्याला हात केला आणि सांगितलं की मी दुपारनंतर जाणार आहे, अजून लंगडीचा डाव राहिलाय. पहिल्या डावात भैयाजींचं राज्य होतं, आणि त्यांना मूळ संख्या येत नव्हत्या.